पेट्रोलचे कुटके

शिळं पेट्रोल चवीला किंचित आंबट लागतं. ही ऐकीव माहिती नव्हे. होळीच्या दोन दिवस आधी, बारूळच्या धरणाच्या काठावर, सकाळी साडेआठच्या सुमारास मी ते स्वतः चाखलेलं आहे. त्यानंतर दीड दिवस मला जे ढेकर येत होते त्यांच्या धास्तीने आमच्या ओसरीवर रोज येऊन बसणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बिडी विझवली, जोडा पायात सरकवला आणि आपली बैठक कायमची समोरच्या ओट्यावर हलवली. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पेट्रोल, रॉकेल, ॲसिड असलं काही तोंडाने ओढू नये, हे मी काही हजार पोरांना बजावून सांगितलं असेल. त्यातल्याच एकाने मला त्या दिवशी दवाखान्यात नेलं. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. पोरगं संस्कारी निघालं, एवढं समाधान.

सुरुवात शेतापासून करावी लागेल. कंधार तालुक्यात मन्याड नदीवर बारूळला धरण आहे. सरकारी कागदावर ते निम्न मानार, आमच्या तोंडी बारूळचं धरण. त्याच्या फुगवट्यापलीकडे माझं साडेतीन एकर रान आहे. रस्त्याने वळसा घालून गेलं तर मोटारसायकलवर तास मोडतो, पाण्यातून गेलं तर पंधरा मिनिटं. पाण्यातून जायचं ते चप्पूवर. चप्पू ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: थर्माकोलचे मोठाले ठोकळे घ्यायचे, ताडपत्रीत गुंडाळायचे, नायलॉनच्या दोरीने करकचून आवळायचे आणि वर बसून देवाचं नाव घ्यायचं. धरणात मासे धरणारा एक भोई वीस रुपयांत मला पलीकडे सोडायचा. दहा वर्षं मी असाच गेलो-आलो. एकदाही भिजलो नाही. तक्रार एवढीच, की चप्पूवर उकिडवं बसावं लागतं. नोकरीत होतो तोवर ते चाललं. निवृत्त झाल्यावर मात्र, ज्याच्या निरोप समारंभाला आमदारांचा शुभेच्छा संदेश आला होता त्या माणसाने जाळ्यातल्या मरळ माशांशेजारी उकिडवं बसून जावं, हे मला शोभेनासं झालं.

माझा धाकटा मेहुणा रत्नागिरीला नोकरीला आहे. भाऊबीजेला आला तो बातमी घेऊनच. "दाजी, एक बोट निघालीय विकायला. फायबरची, सोळा फुटी. मागं पंधरा हॉर्सपॉवरचं मशीन. मालक मुंबईला गेला, दोन पावसाळे झाले, नुसती उभी आहे." मी किंमत विचारली. किंमत ऐकली आणि चिवड्याचं ताट जवळ ओढलं. सौदा मोडतोय असं दिसताच मेहुण्याने शेवटचं वाक्य टाकलं, "आणि टाकीत चाळीस लिटर पेट्रोल आहे, दाजी. त्याचे पैसे नकोत म्हणाला."

तिथं माझा घास अडला. चाळीस लिटर! आमच्या नांदेड-परभणीकडे पेट्रोल राज्यात महागांत महाग. लांबच्या डेपोतून टँकरने यायचं आणि टँकरचं भाडंही आमच्याच अंगावर टाकायचं. शंभरावर पाच-सहा रुपये दर धरला तरी चार हजार दोनशेचा ऐवज झाला. मी मनातल्या मनात बोटीच्या किमतीतून ते वजा केले, मग चप्पूचं भाडं वजा केलं, जाणं-येणं मिळून रोजचे चाळीस, आणि अमुक वर्षांत बोट फुकटात पडते असा हिशेब बायकोपुढे मांडला. ती म्हणाली, "शेतात तुम्ही आठवड्यातून एकदा जाता." मोठ्या हिशेबात असल्या किरकोळ गोष्टी धरायच्या नसतात.

बोट टेम्पोवर चढली. रत्नागिरी, कोल्हापूर, सोलापूर, तुळजापूर, लातूर, अहमदपूर. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातूरच्या रस्त्यावरून आम्ही बोट घेऊन चाललो होतो. चौकाचौकात माणसं थांबून बघत होती आणि त्यांच्या नजरेत कौतुक आहे, असं मला तेव्हा वाटत होतं. तुळजापूरच्या अलीकडे ढाब्यावर मुक्काम केला. ड्रायव्हर बाजेवर पसरला. मला झोप कुठली? कुणी नळी घालून माझं पेट्रोल काढून नेलं म्हणजे? मी टाकीच्या झाकणाला साखळी घालून सायकलचं कुलूप लावलं आणि टॉवेल उशाला घेऊन बोटीतच आडवा झालो. पुढे जे घडलं ते पाहता, त्या रात्री चोर आला असता तर मी त्याला नळी धरायला मदत केली असती, वर चहाही पाजला असता.

आमचं कंधार जुनं गाव. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा भुईकोट किल्ला, भोवती पाण्याचा खंदक, क्षेत्रपालाच्या अजस्र मूर्तीचे भंगलेले अवयव, आणि ज्याला आम्ही बिनदिक्कत समुद्र म्हणतो तो जगत्तुंग समुद्र, म्हणजे तलाव. 'कंधारपुरवराधीश्वर' हे बिरुद याच गावावरून पडलेलं. बोट गल्लीत उतरली त्याच्या तिसऱ्याच दिवशी कट्ट्यावरच्या मंडळींनी मला 'बारूळपुरवराधीश्वर' ही पदवी देऊन टाकली. जाणारा-येणारा विचारी, "सर, औंदा पाऊस जास्तीचा सांगितलाय का काय?" बोट पाण्यापर्यंत न्यायला ट्रॉली मिळेना, जॅकेटं मिळेनात, असं करता करता संक्रांत आली. तोवर बोट आमच्या दारात उभी. शेजारच्या कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. दुपारच्या उन्हात टाकीच्या झाकणापाशी फर्निचरला पॉलिश केल्यासारखा वास यायचा. मला वाटायचं, फायबर तापलं असेल.

तो वास ओळखायला विज्ञानाचा शिक्षक कशाला पाहिजे? सुताराच्या पोरानेही ओळखला असता.

संक्रांतीनंतरच्या रविवारी बोट पाण्यात सोडली. माझ्या अंगात केशरी जॅकेट, डोक्यावर टोपी. बायको बरोबर होती, कारण पलीकडच्या वस्तीवर तिला वाण द्यायचं होतं. तिनेही जॅकेट घातलं, पण शालीखालून. सालगडी काठावर उभा. इंजिनाला वाट दाखवायला म्हणून मी मोटारसायकलमधलं पाव लिटर ताजं पेट्रोल ऑइल घालून नळीत आणि नळीवरच्या रबरी फुग्यात भरून ठेवलं होतं. दोरी ओढली. सतराव्या ओढीला इंजिन लागलं. निळा धूर निघाला, पाणवठ्यावरच्या म्हशींनी माना वळवल्या, आणि आम्ही निघालो.

चार मिनिटं. त्या चार मिनिटांत मी काय काय नव्हतो! मागे पांढऱ्या फेसाची रेघ उठत होती, बायकोचा पदर उडत होता, आणि डाव्या हाताला चप्पूवर भोईदादा उकिडवा बसून जाळं झटकत होता. मी त्याला हात केला. आता वाटतं, तो हात केला नसता तर बरं झालं असतं. फुगवट्याच्या मध्यावर इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा कण्हलं आणि बंद पडलं. मग मी दोरी ओढत राहिलो. साठेक वेळा ओढली असेल. बायकोने वाणातला एक तिळाचा लाडू खाल्ला. वाऱ्याने बोट धरणाच्या भिंतीच्या दिशेने हळूहळू सरकू लागली. काठावरून सालगडी ओरडला, "मालक, चालू व्हईना गेलं का?" हा प्रश्न पाण्यावरून फार लांबवर ऐकू जातो.

भोईदादा आला. काही न बोलता त्याने आमच्या बोटीच्या कडीला दोरी बांधली आणि बांबू रेटत, थर्माकोलच्या चप्पूमागे सोळा फुटी फायबरची बोट ओढत आम्हाला काठाला आणलं. मी नेहमीचे दोघांचे चाळीस रुपये पुढे केले. तो म्हणाला, "आज शंभर द्या सर. सामान हाय."

आता कंधारला बोटीचा मिस्तरी कुठून आणायचा? लोहा रस्त्याला फवारणीचे पंप आणि जुन्या दोन-स्ट्रोक गाड्या दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. इंजिन ॲपे रिक्षात आडवं घालून त्यांच्याकडे नेलं. चाचांनी पाना हातात घ्यायच्या आधी बाटलीत थोडं पेट्रोल मागितलं. मी टाकीतलं आणलंच होतं. त्यांनी बाटली उन्हात धरली, हुंगली, मला परत दिली. "सर, ये पेट्रोल नै. जोशांदा है." जोशांदा म्हणजे काढा.

बाटलीत दोन थर होते. वर गढूळ, चहाच्या रंगाचा. तळाशी पिवळट, पाण्यासारखा. दोघांच्या मध्ये पट्टीने मारावी तशी सरळ रेघ. पाणी आणि रॉकेल एकमेकांत मिसळत नाहीत, नरसाळ्याच्या तोटीने ते वेगळे करता येतात, हा प्रयोग मी ३१ वर्षं दर वर्षी करून दाखवला. तोच प्रयोग एक सातवी शिकलेला माणूस मला उन्हात धरून दाखवत होता, आणि मी विचारत होतो, "म्हणजे काय झालं असेल, चाचा?"

झालं होतं ते असं. पेट्रोल हा एक पदार्थ नाही, शेकडो संयुगांची मिसळ आहे. त्यातली हलकी, चपळ मंडळी आधी उडून जातात, आणि थंड इंजिनाला पहिल्या ठिणगीला पेट घ्यायला नेमकी तीच लागतात. मागे राहतात ती जड, आळशी. त्यांचा हवेशी संग होतो, त्यातून चिकट डिंकासारखी राळ बनते. काब्रेटरमधल्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं. तिथे ही राळ जाऊन बसली की इंजिनाचा घसाच धरतो. झाकण घट्ट असेल, टाकी सावलीत असेल तर पेट्रोल काही महिने नांदतं. माझ्या टाकीने कोकणातले दोन पावसाळे आणि कंधारचं दोन महिन्यांचं ऊन पाहिलेलं. वर झाकणाचं रबर चिरलेलं. त्या झाकणाला मी कुलूप लावलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर काब्रेटर धुऊन काम झालं असतं. पण हल्लीचं पेट्रोल नुसतं पेट्रोल नसतं, त्यात इथेनॉल असतं. २०२२ च्या जूनपर्यंत देशात सरासरी १० टक्के मिश्रण झालं, मग २० टक्क्यांचं आलं. हे इथेनॉल उसापासूनही होतं, साखर कारखान्याच्या मळीतून. मराठवाड्यातल्या माणसाला उसाबद्दल काय सांगायचं? ऊस रानात उभा असताना विहीर, बोअर, कालवा, जे दिसेल ते पितो. कारखान्यात जाऊन, मळी होऊन, गाळून इथेनॉल झाला तरी त्याची सवय जात नाही. तो टाकीत बसूनही हवेतलं पाणी ओढतो. थोडं पाणी पेट्रोलमध्ये सामावतं. दहा टक्क्यांच्या मिश्रणात लिटरमागे चमचाभर धरा. म्हणजे माझ्या चाळीस लिटरला पेलाभर पाणी पुरेसं होतं. चिरलेल्या रबरातून रत्नागिरीच्या पावसाने तांब्याभर सोडलं असेल. हद्द ओलांडली की इथेनॉल पेट्रोलशी काडीमोड घेतं, पाण्याचा हात धरतं आणि दोघं मिळून तळाला जाऊन बसतात. आणि इंजिनाकडे जाणारी नळी कुठून ओढते? तळातून.

म्हणजे पहिली चार मिनिटं माझं इंजिन मोटारसायकलच्या पेट्रोलवर चाललं होतं. चाळीस लिटरच्या फुकट साठ्यातला पहिला घोट त्यात पडताक्षणी ते मेलं.

चाचांनी सल्ला दिला तो सहा शब्दांचा होता. "सब निकाल के ताजा डालो, सर." तो ऐकला असता तर हा लेख झाला नसता. पण तुम्हाला आमचं घर ठाऊक नाही. आमच्याकडे शिळं टाकत नाहीत. रात्रीच्या पोळ्या उरल्या की सकाळी कुस्करायच्या, कांदा-मिरची-मोहरीची फोडणी द्यायची, वर कोथिंबीर भुरभुरायची. त्याला कुटके म्हणतात आणि ते ताज्या पोळीपेक्षा चवदार लागतात. ७२ च्या दुष्काळाची आठवण ज्या घरात अजून काढतात तिथे चार हजार दोनशे रुपयांचं काहीही ओतून देत नसतात. शिळ्याला ताज्याची फोडणी दिली की झालं, एवढं साधं गणित. मी पंपावर गेलो. टाकी पंचेचाळीस लिटरची, आत चाळीस. म्हणजे फोडणीला जागा उरली पाच लिटरची. चाळीस पोळ्यांना पाच थेंब तेल, हे प्रमाण कुठल्याही सुगरणीने ऐकून घेतलं नसतं. बायकोने ऐकलं आणि म्हणाली, "पेट्रोलचे कुटके करायला निघालात."

मेहुण्याला फोन केला. त्याने पेट्रोल टिकवायच्या औषधाची बाटली कुरिअरने धाडली. बाटलीवर लिहिलं होतं, हे ताज्या पेट्रोलमध्ये, साठवण्याआधी घालावं. दूध नासल्यावर ते तापवून उपयोग नसतो, हे मला कळत होतं. तरी घातलं. मग जुन्या धोतराचा चौपदरी तुकडा घेऊन बादलीभर पेट्रोल गाळून पाहिलं. राळ विरघळलेली असते, ती धोतरात अडकत नाही. उलट धोतरच पिवळं झालं. शेवटी मनाची खात्री म्हणून पेट्रोल पंपावर गिऱ्हाइकाला करता येते ती परीक्षा घरी केली: गाळणकागदावर एक थेंब टाकायचा, दोन मिनिटं थांबायचं. चांगलं पेट्रोल उडून जातं आणि कागद कोरा राहतो. माझ्या कागदावर पुरणपोळीवरचं तूप सांडावं तसा डाग राहिला. विद्यार्थ्याने प्रयोगवहीत असला निष्कर्ष लिहून आणला असता तर मी त्याला पूर्ण गुण दिले असते. स्वतःला मात्र समजावलं, कागद जुना असेल.

फोडणी दिलेल्या टाकीवर इंजिन दुसऱ्यांदा सुरू केलं ते काठालाच, बोट बांधून. एवढी अक्कल तोवर आली होती. ते नऊ मिनिटं चाललं. मग आतून काही तरी खरडल्यासारखा आवाज आला आणि दोरी ओढली तर ओढली जाईना. चाचांनी उघडून पाहिलं. दोन-स्ट्रोक इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, पन्नासाला एक. ऑइल पेट्रोलचं सोयरं; ते वरच्या थरात राहतं. तळातल्या पाणी-इथेनॉलमध्ये ऑइलचा थेंब नाही. म्हणजे मी इंजिनाला नऊ मिनिटं बिनतेलाचं धावायला लावलं होतं. पिस्टनवर ओरखडे होते, नांगरटीच्या सरींसारखे. रिंगा बदलल्या, घासकाम झालं, नांदेडहून पार्ट आला. बिल किती झालं ते लिहीत नाही. फुकट पेट्रोलची किंमत वजा जाता उरलेल्या रकमेत चप्पूवर बसून मी पुढली सात-आठ वर्षं शेतात गेलो असतो, तेही आठवड्यातून दोनदा.

आता सगळं काढायचंच ठरलं. टाकी बोटीच्या फळीखाली बसवलेली, तळाला तोटी नाही. कृषी केंद्रात दीडशे रुपयांना हातपंप मिळतो. दीडशे! आधीच इतका खर्च झालेला. मी घरातली पाण्याची नळी कापली, एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडात धरलं. सायफनचं तत्त्व मला पक्कं ठाऊक आहे. द्रव नळीच्या उंचवट्यावरून उतरला की ओढणं थांबवायचं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की काळी पडलेली नळी पारदर्शक नसते.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. सालगडी म्हणाला, ताक पाजा. बायकोने तांब्यात मूठभर मीठ कालवलं आणि म्हणाली, "प्या, उलटी होऊन जाईल." मी तांब्या तोंडाला लावणार तोच माझा जुना विद्यार्थी, जो जीप धुवायला काठाला आला होता, त्याने तो हातातून हिसकावून घेतला. हे मात्र गांभीर्याने सांगतो, कारण बायको, सालगडी आणि मी, तिघांनाही चुकीचंच ठाऊक होतं. पेट्रोल पोटात गेलं तर उलटी करवू नये. ते इतकं पातळ असतं की वर येताना फुप्फुसात शिरतं, आणि पोटापेक्षा फुप्फुसाला त्याचं भय फार. थेट दवाखाना गाठायचा. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला, सहा तास खाटेवर निजवून ठेवलं. घोटभरच गेलं होतं, निभावलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने काय झालं विचारलं. मी म्हणालो, पोट बिघडलंय. नर्सबाई म्हणाल्या, "पेट्रोल पिले ते."

घरी आलो तोवर सालगड्याने उरलेलं सगळं काढून ठेवलं होतं. हातपंपाने. त्याने तो शेजारच्या रानातून मागून आणला होता, फुकट.

गोडेतेलाचे तीन डबे भरले. चव्वेचाळीस लिटर. आखाड्यावर, कडब्याच्या गंजीच्या सावलीला त्याने ते रांगेने मांडले होते. ते दृश्य पाहून माझं विज्ञान पहिल्यांदा वेळेवर जागं झालं आणि आम्ही दोघांनी ते डबे उघड्या माळावर, लिंबाखाली नेले. होळी दोन दिवसांवर आली होती. गल्लीतल्या पोरांनी निरोप धाडला, सर, डबे आम्हाला द्या. मी आयुष्यात पोरांना इतकं कडक उत्तर कधी दिलं नव्हतं.

संध्याकाळी नांदेडला वकिली शिकणारा पुतण्या आला. डबे बघून म्हणाला, "काका, तुम्ही गुन्हा केलाय." पेट्रोलियम अधिनियम, १९३४. परवाना नसताना माणसाला जास्तीत जास्त ३० लिटर पेट्रोल बाळगता येतं. वाहनाच्या स्वतःच्या टाकीतलं त्यात धरत नाहीत, आणि कायद्याच्या लेखी बोटही वाहनच. म्हणजे चव्वेचाळीस लिटर बोटीच्या टाकीत होतं तोवर मी निर्दोष होतो. चाचांचा सल्ला अखेर ऐकला आणि टाकी रिकामी केली, त्या क्षणी आरोपी झालो.

बरं, टाकायचं कुठे? मातीत ओतलं तर खाली मन्याडचं पाणी, आणि तेच पाणी आम्ही पितो. नालीत ओतलं तर गल्ली उडायची. घातक कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लावणारी राज्यातली ठिकाणं मी शोधली. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी. कंधारहून सगळीच शेकडो किलोमीटर. बोट आणायला टेम्पो केला होता तसा आता पेट्रोल टाकायला करावा लागला असता, आणि त्या टेम्पोलाही डिझेल लागलंच असतं. जगत्तुंगाच्या काठावरून घरी येताना मनात आलं, राष्ट्रकूटांनी हजार वर्षांपूर्वी साठवलं ते पाणी होतं म्हणून बरं. पेट्रोल साठवलं असतं तर अजून कुठे टाकावं याचे ताम्रपट निघाले असते.

सुटका चाचांनी केली. वरचा थर त्यांनी निथळून घेतला, एकदम नाही, पाच-पाच लिटरने. गिअर, साखळ्या, काब्रेटर धुवायला गॅरेजात असलंच पेट्रोल लागतं. महिनाभर त्यांच्या दुकानात पार्ट माझ्या पेट्रोलमध्ये आंघोळ करत होते. माझ्या बिलातून त्यांनी तीनशे रुपये कमी केले. मी म्हणालो, चाचा, अडतीस लिटर दिलंय. ते म्हणाले, "इसी वास्ते तीनसौ. दस लिटर होता तो कुछ नै लेता था."

तळातलं पिवळं मात्र त्यांनीही घेतलं नाही.

मी हल्ली चप्पूने जातो. उकिडवं बसलं की गुडघा दुखतो, पण भोईदादा माझ्यासाठी एक पाट ठेवायला लागला आहे. भाडं पंचवीस झालं.

बोट विकायची आहे. सोळा फुटी, फायबरची, मशीन नुकतंच उघडून नीट केलेलं, काब्रेटर धुतलेला, रिंगा नव्या. झाकणाचं रबर बदललेलं. टाकी कोरडी आहे, समोर हुंगून दाखवीन. बोटीबरोबर एका डब्यात साडेपाच लिटर पिवळं द्रावण आहे. त्याचे पैसे नकोत.